उन्हाळी फुलांची नोंद नाव, गाव आणि तारखेसह व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चैत्रापासून आपल्या दैनिकात वाचकांच्या घरच्या बागांतील फुलांची छायाचित्रे प्रसिद्ध होत आहेत आणि मी ती रोज सकाळी आवर्जून पाहते. उन्हाळ्यात बाग कशीबशी जगवायची आणि फुले पाहायची ती थंडीत, असे मानणाऱ्या पुष्कळांना या छायाचित्रांमुळे बाग नव्याने दिसली असेल, याबद्दल मला शंका नाही. आपले मनापासून आभार मानून मी दोन विनंत्या करू इच्छिते. पहिली अशी की, प्रत्येक छायाचित्राखाली फुलाचे नाव, ते ज्या गावात किंवा शहराच्या ज्या भागात फुलले ते ठिकाण आणि ते उमलल्याची तारीख एवढा तपशील छापावा. दुसरी अशी की, मृग लागल्यावर याच वाचकांना एकमेकांना फांद्या, कंद आणि कलमे देता-घेता येतील, अशी काही व्यवस्था आपल्या पुढाकाराने व्हावी.

आपल्याकडे फुलांचे जाहीर कौतुक होते ते हिवाळ्यात. पुण्यातील एम्प्रेस गार्डनमध्ये, १८३० साली स्थापन झालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेचे पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरते, आणि मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतील महापालिकेचे प्रदर्शनही त्याच दिवसांच्या आगेमागे असते. डेलिया, शेवंती, पिटुनिया, पॅन्सी यांच्यासाठी तो काळ योग्यच आहे, कारण ती थंडीत फुलणारी आहेत आणि मांडल्यावर काही दिवस टवटवीत राहतात. उन्हाळी फुलांना मात्र असे मांडून ठेवता येत नाही. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फूल मलूल होते, भुईचाफ्याचे फूल जेमतेम एखाद-दुसरा दिवस टिकते, आणि सुरंगीची कळी तर उमलायच्या आत पहाटेच खुडावी लागते. ही फुले जिथे उमलतात तिथेच जाऊन पाहायची असतात, आणि म्हणूनच ती पूर्वापार घराच्या, शेजाराच्या आणि आळीच्या व्यवहाराचा भाग राहिली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या ओंजळीत हरभऱ्यासोबत घरचा मोगरा पडत असे आणि कोणाच्या दारचा मोगरा कसा आहे हे त्या दिवसांत साऱ्या आळीला ठाऊक असे. वाडे गेले, अंगणे गेली, फुले आता गच्चीवर आणि खिडकीच्या जाळीत आली, त्यामुळे एका घरचे फूल दुसऱ्या घराला दिसेनासे झाले. आपल्या पानावरची छायाचित्रे ही उणीव काही अंशी भरून काढत आहेत. म्हणूनच ती केवळ शोभेसाठी छापली जाऊ नयेत, असे मला वाटते.

मोगऱ्याविषयी थोडे अधिक लिहिते, कारण छायाचित्रांत सर्वाधिक संख्या त्याचीच असते. आपल्या बागांमधील मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. दुहेरी पाकळ्यांच्या बटमोगऱ्याला तर नाहीच. त्यामुळे आज महाराष्ट्रात ज्या ज्या घरी मोगरा आहे, तो कोणत्या तरी दुसऱ्या मोगऱ्याच्या फांदीपासून किंवा दाबकलमापासून (म्हणजे झाडाला असतानाच मातीत दाबून मुळे फुटू दिलेल्या फांदीपासून) झालेला आहे, आणि त्या दुसऱ्याची गोष्टही तीच आहे. रोपवाटिकेतून आणलेले रोपसुद्धा कुणीतरी फांदी कापून लावल्यावाचून तयार झालेले नसते. माणसांनी एकमेकांना दिला नाही, तर आपल्या बागांतला मोगरा पुढच्या पिढीपर्यंत पोचण्याचा दुसरा मार्ग नाही. भुईचाफ्याचे तेच, त्याचे कंद विभागून द्यावे लागतात. ज्याला आपण घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतो, तेही पान किंवा खोडाचा तुकडा दिल्याशिवाय पसरत नाही. म्हणून उन्हाळी फुलांच्या बाबतीत ‘फूल दाखवणे’ आणि ‘झाड देणे’ या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत.

मोगऱ्याचे प्रकारही छायाचित्राखाली लिहिले जावेत. गोल, गच्च कळीचा बटमोगरा, लांब टोकदार पाकळ्यांचा मदनबाण, एकेरी पाकळ्यांचा आणि भरपूर फुलणारा साधा मोगरा, वेलासारखा वर चढणारा वेलमोगरा, हे सगळे ‘मोगरा’ या एकाच नावाखाली छापले जातात आणि नव्याने बाग करणाऱ्याला आपल्याला नेमके काय हवे आहे ते कळत नाही. त्याच्याबरोबर दोन वाक्यांचा अनुभव मिळाला तर फारच उत्तम. मोगऱ्याला फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे थंडी ओसरताना पाणी थोडे तोडून हलकी छाटणी केली आणि नंतर शेणखत देऊन पाणी सुरू केले, तर चैत्रात कळ्या लागतात. प्रत्येक बहर संपल्यावर फुलून गेलेली टोके खुडली, तर पुढचा बहर लवकर येतो. दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल, तर झुडूप हिरवेगार होते पण फुलत नाही, आणि नत्रयुक्त खत जास्त झाले तरीही पानेच वाढतात. कळ्या जांभळट पडून गळत असतील, तर आत कळी पोखरणारी अळी असते, त्या कळ्या लगेच तोडून नष्ट कराव्यात. कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी पडतो, त्याला सकाळी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा फवारा मारला तरी बराच आळा बसतो. अशा साध्या माहितीअभावी किती तरी जण दुसऱ्या वर्षी फुले येत नाहीत म्हणून झाड काढून टाकतात, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

भुईचाफ्याची अवस्था याहून बिकट आहे. हळद-आल्याच्या कुळातल्या या झाडाची पाने थंडीत पूर्ण वाळतात आणि कुंडी रिकामी दिसू लागते. मग चैत्र-वैशाखात, एकही पान नसताना, कोरड्या मातीतून थेट पांढरी-जांभळी, मंद सुवासाची फुले वर येतात, आणि पाने येतात ती त्यानंतर, पावसाच्या आगेमागे. ज्यांना हे ठाऊक नाही, ते जानेवारी-फेब्रुवारीत रिकामी कुंडी समजून माती उकरतात आणि कंद कचऱ्यात जातात. अनेक जुन्या घरांतून भुईचाफा नाहीसा होण्याचे हेही एक कारण असावे, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. ‘मे फ्लॉवर’ म्हणून आपण ओळखतो त्या लाल चेंडूसारख्या फुलाच्या कंदाचीही हीच गत होते. हे झाड मूळ आफ्रिकेतले. एका कंदाला वर्षातून एकदाच, बहुधा मे महिन्यात, बारीक फुलांचा हा गोल तुरा येतो आणि थंडीत कंद विश्रांती घेतो. त्या काळात त्याला पाणी देत राहिले, तर तो कुजतो. आपल्या पानावर भुईचाफ्याचे छायाचित्र आले आणि त्याखाली ‘पाने वाळल्यावर कुंडी टाकून देऊ नये’ एवढे एक वाक्य छापले गेले, तरी काही घरांतले कंद वाचतील.

नावांचा आग्रह मी धरते आहे तो चिकित्सेच्या हौसेपायी नव्हे. चाफा म्हटले की आपल्यासमोर किती तरी झाडे येतात. सोनचाफा चंपक कुळातला मोठा वृक्ष, हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातले आकड्यांच्या साह्याने चढणारे झुडूप, देवळापुढचा पांढरा चाफा मूळ अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातला आणि कण्हेरीच्या कुळातला, तर भुईचाफा हळदीचा नातेवाईक. प्रत्येकाची जागेची, मातीची आणि पाण्याची गरज निराळी. गच्चीवर कुंडीत चाफा लावायचा म्हणून कोणी सोनचाफ्याचे बियांपासून केलेले रोप आणले, तर फुलासाठी त्याला अनेक वर्षे वाट पाहावी लागेल, तेच कलम आणले तर एक-दोन वर्षांत फुले येऊ लागतील. हिरव्या चाफ्याचे फूल आधी पानांच्याच रंगाचे असते आणि पिवळे पडू लागल्यावर पिकल्या फळासारखा वास सोडते, त्यामुळे ज्याने तो कधी पाहिलेला नाही, त्याला झाडावर फूल आहे हेही समजत नाही. अशा फुलाचे छायाचित्र पानासकट आणि फांदीसकट घेतलेले असावे, अशी सूचना आपण वाचकांना जरूर द्यावी. नुसत्या पाकळ्यांच्या जवळून टिपलेल्या चित्रावरून झाड ओळखणे जाणकारालाही अवघड जाते.

येथे ब्रह्मकमळाचा उल्लेख करणे भाग आहे. दर वर्षी ‘दुर्मीळ ब्रह्मकमळ उमलले’ अशा मथळ्याची बातमी आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक वर्तमानपत्रात येते. रात्री उमलणारे हे पांढरे देखणे फूल मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या एका निवडुंगाचे आहे आणि ते आता आपल्या गच्च्यांवर सर्रास आढळते. हिमालयात उंचावर उगवणारे ब्रह्मकमळ अगदी वेगळे आहे, ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे आणि आपल्या हवेत वाढणार नाही. निवडुंगाच्या फुलाचे सौंदर्य यामुळे तसूभरही कमी होत नाही. त्याचे छायाचित्र जरूर छापावे, मात्र खाली खरी ओळख द्यावी, ही विनंती.

आता तारखेविषयी. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, तिथली नेहमीची तारीख ११ जून आहे, आणि त्याआधीही त्या मे महिन्यात राज्यभर जोरदार पाऊस पडत होता. पुण्यात माझ्या गच्चीवर मोगऱ्याचा दुसरा बहर त्या पावसात कुजला, कळ्या तपकिरी होऊन गळल्या. दुसरीकडे, पहिला पाऊस पडल्यावर फुलणाऱ्या गुलाबी लिलीने मात्र वैशाखातच कुंड्या भरून टाकल्या. असे त्या वर्षी आणखी किती घरांत झाले असेल, कोकणात काय झाले आणि मराठवाड्यात काय झाले, हे आज सांगता येत नाही, कारण कोणी लिहून ठेवलेले नाही. लोकांजवळ आठवणी पुष्कळ असतात, पण ‘हल्ली बहावा लवकर फुलतो’ असे एक जण म्हणतो आणि ‘छे, पूर्वीही असाच फुलायचा’ असे दुसरा म्हणतो, तेव्हा निर्णय करायला हाती तारीख नसते. बहावा फुलल्यावर दीड महिन्याने पाऊस येतो, असा आपल्याकडे समज आहे, तोही कोणी दहा-वीस वर्षांच्या तारखा लावून पडताळून पाहू शकेल, जर त्या तारखा कुठेतरी छापून राहिल्या तर.

जपानमधील क्योटो शहरातल्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून उपलब्ध आहेत. त्या मुख्यतः दरबारी लोकांच्या आणि मठवासीयांच्या रोजनिश्यांतून गोळा झालेल्या आहेत, आणि त्या लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात हवामानाचा अभ्यास नव्हता. त्यांनी फुले पाहिली आणि दिवस लिहिला, एवढेच. २०२१ साली तिथे २६ मार्चला पूर्ण बहर आला, तेव्हा तोवरच्या बाराशे वर्षांत एवढा लवकर बहर आल्याची नोंद नाही, असे म्हणता आले ते या साध्या लेखनामुळे. आपल्या देशातही ‘सीझनवॉच’ या उपक्रमात नागरिक आणि शाळकरी मुले आपल्या परिसरातील झाडांची पालवी, फुले आणि फळे यांच्या नोंदी नियमितपणे करतात, आणि त्यांत बहाव्यासारखी ओळखीची झाडे आहेत. पण मोगरा, अनंत, भुईचाफा, हिरवा चाफा ही घरातली झाडे अशा नोंदींत सहसा येत नाहीत. ती फक्त घरच्यांनाच दिसतात, म्हणून ती घरच्यांनीच लिहायला हवीत. वर्तमानपत्राला रोजची तारीख असतेच, आपल्या पानावर हे छापले गेले तर ग्रंथालयांतील संग्रहांत ते आपोआप जतन होईल.

ठिकाणाचे महत्त्व तर आपल्या राज्यात वेगळे सांगायला नको. सुरंगी हे सह्याद्रीचे आणि कोकणपट्टीचे झाड. सिंधुदुर्गात वेंगुर्ले-सावंतवाडीकडे फेब्रुवारी-मार्चपासून फांद्यांना चिकटून कळ्यांचे घोस लागतात, आणि पहाटे झाडाखाली कापड अंथरून त्या काढून बायका त्यांचे वळेसर म्हणजे गजरे करतात. तिकडच्या परसात सुरंगी पाहून पुण्या-नाशिकच्या माणसाने ती कुंडीत लावण्याचा हट्ट धरू नये. अनंताचे उदाहरण थोडे वेगळे आहे. कोकणातल्या आम्लयुक्त तांबड्या मातीत तो सुखाने वाढतो आणि देशावरच्या काळ्या, चुनखडीयुक्त मातीत, त्यातही बोअरवेलचे जड पाणी दिल्यास, त्याची पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. हा रोग नसतो, झाडाला मातीतले लोह घेता येत नाही. पालापाचोळ्याचे खत भरपूर घालून अधूनमधून थोडा हिराकस (फेरस सल्फेट) पाण्यात विरघळवून दिला, तर पाने सुधारतात. आता एखाद्या वाचकाने अनंताचे भरगच्च छायाचित्र पाठवले आणि खाली ‘रत्नागिरी’ असे छापले गेले, तर सोलापूरच्या वाचकाला आपला अनंत तसा का दिसत नाही, याचा उलगडा लगेच होईल. विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथल्या गच्चीवर मोगरा कसा टिकवतात, कुंड्या एकमेकींना भिडवून ठेवतात की हिरव्या जाळीखाली, पाणी पहाटे देतात की दिवेलागणीला, वाळलेल्या पानांचे आच्छादन किती जाडीचे घालतात, हे नागपूर-अकोल्याच्या वाचकांनी लिहिले, तर पाणीकपातीच्या दिवसांत आम्हा सर्वांनाच त्याचा उपयोग होईल.

फुलाच्या वेळेचाही उल्लेख झाला तर बरे. मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि नंतर लाल, त्यामुळे एकाच वेलाची दोन छायाचित्रे दोन वेगळ्या वेलांची वाटतात. पांढरे आणि सुवासिक असताना त्यावर रात्री पतंग येतात आणि रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या व शिंजीर. गुलबक्षी दिवस कलल्यावर उघडते, ‘ऑफिस टाइम’ नावाचे फूल सकाळी उन्हे वर आल्यावर उघडून दुपारनंतर मिटते. ज्यांनी हे फुललेले कधी पाहिले नाही, ती मुले या वेळा वाचून गच्चीवर जाऊन पाहतील.

देवाणघेवाणीविषयी माझी कल्पना साधी आहे. चैत्र-वैशाखात छायाचित्रे छापावीत आणि ज्यांची फांदी किंवा कंद देण्याची तयारी आहे, त्यांच्या छायाचित्राखाली एखादी खूण करावी. कोणाचाही पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक छापू नये. मृगानंतर एखाद्या रविवारी, शहराच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी शाळेच्या पटांगणात किंवा सार्वजनिक उद्यानात, सगळ्यांनी आपापली रोपे घेऊन जमावे. मोगऱ्याच्या फांद्या आणि दाबकलमे त्या हवेत चांगली रुजतात. भुईचाफ्याचे कंद मात्र पाने वाळल्यावर, थंडीच्या अखेरीस, फुले येण्याआधी विभागायचे असतात, म्हणून त्यांच्यासाठी माघात पुन्हा एकदा भेटावे लागेल. मे फ्लॉवरचे कंदही पाने वाळल्यावरच काढावेत, आणि ते विषारी असल्याने लहान मुले व पाळीव प्राणी असलेल्या घरांत देताना तसे स्पष्ट सांगावे. देणाऱ्याने फांदीवर पिठ्या ढेकूण नाहीत ना, हे पाहून घ्यावे, कारण एका फांदीबरोबर सारी गच्ची बाधित होऊ शकते. या व्यवहारात पैसा येऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एका बाबतीत आपण वाचकांना आधीच बजावावे. एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीत कुसर ही रानजाई फुलते आणि त्यानंतर झाडांच्या फांद्यांवर आमरीचे (ऑर्किडचे) तुरे लोंबू लागतात. गडवाटांवर फिरायला गेलेले काही जण ही झाडे मुळासकट काढून घरी आणतात. आमरी ज्या झाडाच्या सालीवर वाढते, तिथली ओल, सावली आणि मुळांशी सख्य असलेली बुरशी तिला शहरातल्या बाल्कनीत मिळत नाही, आणि ती बहुधा वर्ष-दोन वर्षांत मरते. जंगलातून उपटून आणलेल्या कोणत्याही झाडाचे छायाचित्र आपण छापू नये आणि अशी रोपे देवाणघेवाणीतही स्वीकारली जाऊ नयेत. घरच्या झाडाची फांदी दिल्याने मूळ झाड जागेवर राहते, रानातले झाड उपटले की ती जागा रिकामी होते.

या पत्रासोबत माझ्या गच्चीवरील या वर्षीच्या उन्हाळी फुलांची यादी, प्रत्येक फुलाची पहिली कळी उमलल्याच्या तारखेसह, जोडली आहे. वरील विनंती मान्य झाल्यास ती नमुना म्हणून वापरावी, त्यासाठी माझी परवानगी आहे. माझ्याकडे मदनबाणाची दाबकलमे तयार होत आहेत आणि माघापर्यंत भुईचाफ्याचे कंदही विभागण्याजोगे होतील. ज्या वाचकांना ते हवे असतील, त्यांची पत्रे आपल्या कार्यालयामार्फत माझ्यापर्यंत पोचवावीत.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे